आत्ता कसं वाटतंय?

जागा असलेला, बोलू शकणारा माणूस समोर पलंगावर बसलाय, त्याच्या मेंदूत खोलवर गेलेल्या इलेक्ट्रोडमधून, म्हणजे विजेच्या लहरी टिपणाऱ्या बारीक तारांमधून, सेकंदाला हजारदा नोंद होतेय, आणि त्याच क्षणी त्याला विचारता येतंय, "आत्ता कसं वाटतंय?" असा योग विज्ञानाच्या वाट्याला क्वचित येतो. निव्वळ कुतूहल म्हणून कुणाच्या कवटीला छिद्र पाडता येत नाही. हे दार उघडलं ते अपस्माराच्या, म्हणजे फिट येण्याच्या आजाराच्या, रुग्णांमुळे, त्यांच्या नाइलाजातून आणि त्यांच्या होकारातून. उदासी, भीती, चिंता यांच्याबद्दल माणसाच्या मेंदूच्या आतून जे थोडंफार कळलंय, त्यातला बराच भाग या लोकांनी दिलाय. मला त्यांच्याबद्दल लिहायचंय, कारण त्यांच्यातली एक माझी ताई आहे.

जगात सुमारे पाच कोटी लोकांना अपस्मार आहे. त्यांतल्या साधारण एक तृतीयांश लोकांच्या फिट औषधांनी थांबत नाहीत. औषधं बदलून होतात, डोस वाढवून होतात, तरी फिट येतच राहते. मग शस्त्रक्रियेचा विषय निघतो. फिट मेंदूच्या नेमक्या कुठल्या कोपऱ्यातून उठते, आणि तो कोपरा काढला तर माणसाचं बोलणं, आठवणी, हातपाय शाबूत राहतील का, हे आधी कळावं लागतं. डोक्यावर तारा चिकटवून मेंदूच्या विद्युतलहरींची जी नोंद घेतात, म्हणजे ईईजी, त्यातून ते दर वेळी कळत नाही. कवटीबाहेर येईपर्यंत लहरी पसरट होतात आणि खोलवरचं बरंचसं बाहेर पोचतच नाही. पॅरिसच्या सेंट-ॲन रुग्णालयात जाँ तालेराक आणि जाँ बाँको या दोघांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून यावर वाट काढली. कवटी न उघडता, मोजूनमापून ठरवलेल्या जागी बारीक छिद्रं पाडायची आणि इलेक्ट्रोड थेट आत न्यायचे. स्टिरिओ-ईईजी म्हणतात ते हेच.

आज छिद्र दोन-अडीच मिलिमीटरचं असतं, इलेक्ट्रोड साधारण एक मिलिमीटर जाडीचा किंवा त्याहून बारीक. असे दहा-पंधरा इलेक्ट्रोड आणि प्रत्येकावर ओळीनं नोंद घेणारे बिंदू. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही, त्यामुळे दुखतं ते बाहेरचं, कातडीचं आणि टाक्यांचं. मग रुग्णाला वॉर्डात ठेवतात, औषधं हळूहळू उतरवतात, चोवीस तास कॅमेरा चालू ठेवतात आणि फिटची वाट बघतात. आठवडा, कधी दोन आठवडे. जी येऊ नये म्हणून इतकी वर्षं धडपड केली तिचीच वाट बघत बसायचं. फिट काही सेकंदांची किंवा मिनिटांची असते, बाकीचे तास रिकामे जातात. मनाचा अभ्यास करणारे संशोधक येतात ते या रिकाम्या तासांत.

ताईच्या डोक्याला बँडेज होतं आणि मागून तारांची जाड वेणी निघून भिंतीवरच्या पेटीत गेली होती. हाताशी एक बटण दिलं होतं. काही वेगळं जाणवलं की ते दाबायचं. ताईला लहानपणापासून एक भीती यायची. पोटातून वर चढायची, छातीपर्यंत यायची, अर्ध्याएक मिनिटात ओसरायची. समोर घाबरण्यासारखं काहीच नसायचं. वाचताना यायची, केस विंचरताना यायची. बरीच वर्षं सगळे त्याला पॅनिक अटॅक म्हणायचे आणि तिला दीर्घ श्वास घ्यायला सांगायचे. पुढे झोपेत मोठ्या फिट आल्या तेव्हा कुठे मेंदूच्या तपासण्या सुरू झाल्या. टेम्पोरल लोबच्या, म्हणजे कानशिलाजवळच्या मेंदूच्या भागातल्या, अपस्मारात असं अनेकांच्या बाबतीत होतं. भीती हाच फिटचा सगळा आवाका असतो आणि बाहेरून बघणाऱ्याला त्यात फिट दिसतच नाही.

वॉर्डातल्या एका संध्याकाळी तिनं बटण दाबलं आणि म्हणाली, "आली." चेहरा पांढराफटक पडला होता, हातावर काटा उभा राहिला होता. दुसऱ्या दिवशी न्यूरोलॉजिस्टनी तिला स्क्रीन दाखवली. एकाखाली एक कितीतरी रेषा, त्यांतल्या तीन-चार अचानक दाट आणि टोकदार झालेल्या. त्या अमिग्डालातल्या बिंदूंच्या होत्या. अमिग्डाला म्हणजे कानशिलाच्या आत खोलवर असलेला पेशींचा छोटा पुंजका, भीतीच्या व्यवहारात त्याचा मोठा वाटा असतो. बटण दाबल्याची खूण त्यानंतर काही सेकंदांनी होती. "हे आधी झालं, मग तुम्हाला भीती वाटली," डॉक्टर म्हणाले. ताई बराच वेळ त्या रेषांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी भित्री नाहीये."

तिच्या आयुष्यातलं ते एक वाक्य मला फार मोठं वाटतं. कुणीतरी तिच्या स्वभावावर मारलेला शिक्का त्या दिवशी पुसला गेला.

पण हे भीतीचं झालं, आणि ते त्या मानानं सोपं आहे. तिथे फिट आहे, रेषा बिघडते, वेळ जुळवून दाखवता येते. फिट नसतानाच्या दिवसांचं काय? दोन फिटांच्या मधल्या आठवड्यांत ताईवर जी उदासी उतरायची तिची रेषा कुठे शोधायची? अपस्मार असलेल्या दर चार-पाच जणांतल्या एकाला नैराश्य असतं, चिंताविकारही साधारण तितकाच. आणि या उदासीला आजूबाजूच्या प्रत्येकाकडे तयार उत्तर असतं. फिट येतात म्हटल्यावर माणूस उदास होणारच. गाडी चालवता येत नाही, एकट्यानं पोहता येत नाही, चारचौघांत कोसळायची धास्ती. ही कारणं खोटी नाहीत, ताईही तीच सांगायची. पण ती सांगून झाली की पुढे कुणी विचारत नाही. डॉक्टरांचा पेन फिटच्या आकड्यापाशी थांबतो. महिन्यात किती आल्या, किती वेळ टिकल्या, जीभ चावली का, चला, पुढचा रुग्ण. खास अपस्मारातल्या नैराश्यासाठी सहा प्रश्नांची एक छोटी चाचणी २००६ पासून उपलब्ध आहे, भरायला काही मिनिटं लागतात. माझ्या बघण्यात ती फार कमी वेळा आली.

नैराश्य हे आजाराच्या त्रासाचं ओझं एवढंच असतं तर ते आजारानंतर यायला हवं. प्रत्यक्षात ते उलट दिशेनंही जातं. ज्यांना आधी नैराश्य होतं त्यांना पुढे अपस्मार होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त दिसते. दोन्हींच्या मुळाशी मेंदूतला काही सामाईक बिघाड असावा असं मानायला जागा आहे. त्याहून चक्रावणाऱ्या गोष्टी या आजारात घडतात. लागोपाठ फिट येऊन गेल्यावर माणूस सावरतो, एक-दोन दिवस अगदी नीट असतो, घरचे सुटकेचा श्वास टाकतात, आणि मग त्याला आवाज ऐकू येऊ लागतात, जवळच्या माणसांचाच संशय येऊ लागतो. ही फिटनंतरची सायकोसिस. मधल्या त्या नीट दिवसांमुळे फिटशी तिचा संबंध जोडायचं राहून जातं. हाइनरिश लांडोल्ट या स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी १९५० च्या दशकात याच्याही उलटं चित्र नोंदवलं. काही रुग्णांची फिट थांबते, ईईजी चक्क सुधारतो आणि नेमकं त्याच वेळी मन बिघडतं. औषधांचंही आहेच. लेव्हेटिरॅसिटाम हे फिटवरचं चांगलं औषध, पण काहींना ते इतकं चिडखोर करतं की घर हादरतं. या सगळ्यात "परिस्थितीमुळे" या उत्तरानं किती पुढे जाणार?

वॉर्डातल्या रिकाम्या तासांत एक तरुण संशोधक मुलगी टॅब्लेट घेऊन यायची. स्क्रीनवर दोन टोकांना दोन शब्द असायचे, एकीकडे उदास, दुसरीकडे आनंदी, मग चिंताग्रस्त आणि निवांत, थकलेली आणि उत्साही. मधल्या पट्टीवर आत्ता आपण कुठे आहोत तिथे बोट ठेवायचं. ताई बोट ठेवायची, उचलायची, थोडं डावीकडे न्यायची. एकदा तिनं विचारलं, "हे माझं वाटणं आहे की गोळ्या कमी केल्यात त्याचं?" ती मुलगी क्षणभर थांबली आणि म्हणाली, "कारण शोधू नका. आत्ता जे आहे तेवढंच सांगा. ते दुसरं कुणालाच सांगता येणार नाही."

तिनं हे सहज म्हटलं असेल, पण त्या कामाचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे. नोंद कितीही बारीक असो, त्या क्षणी रुग्णानं पट्टीवर बोट ठेवलं नाही तर ती रेषा उदासीची की भुकेची की नुसत्या कंटाळ्याची, हे जगातलं कुठलंही यंत्र सांगू शकत नाही. इलेक्ट्रोड अर्धी नोंद घेतो. उरलेली अर्धी रुग्ण स्वतः घेतो, तीही डोकं ठणकत असताना आणि झोप झालेली नसताना. शोधनिबंधांत अशा लोकांना "सब्जेक्ट" म्हणतात. मला वाटतं ते त्या संशोधनातले सहकारी आहेत, आणि तसंच त्यांना वागवायला हवं.

अशा नोंदींमधून काय निघतं याचं एक ठसठशीत उदाहरण २०१८ सालचं आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या एडवर्ड चँग, विकास सोहल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपस्माराच्या २१ रुग्णांची सात ते दहा दिवसांची अखंड नोंद तपासली. मेंदूचे कोणकोणते भाग एका तालात चालतात ते आधी शोधलं आणि मग रुग्णांनी वेळोवेळी सांगितलेल्या मनःस्थितीशी ते ताडून पाहिलं. १३ जणांत एकच जाळं पुढे आलं, अमिग्डाला आणि हिप्पोकॅम्पस यांच्यातलं. भावनेच्या आणि आठवणीच्या या दोन जागांमधला बीटा लहरींचा मेळ, म्हणजे सेकंदाला साधारण तेरा ते तीस आंदोलनं, जास्त चढ-उतार करू लागला की मन खाली जात होतं. नैराश्यात माणूस जुन्या कडू आठवणी पुन्हा पुन्हा उगाळत बसतो हे कुणीही सांगेल. भावना आणि आठवण यांच्या जागा एकमेकींशी अशा बोलताना दिसल्यावर अंगावर शहारा येतो. मात्र हा निव्वळ संबंध आहे. या लहरींमुळे उदासी येते की उदासीमुळे लहरी उठतात, हे त्या अभ्यासातून ठरत नाही.

ते ठरवायला इलेक्ट्रोडमधून विजेचा हलका प्रवाह सोडून बघावं लागतं. उपचाराचा भाग म्हणून तो सोडतातच, बोलण्याची आणि हालचालींची केंद्रं ओळखण्यासाठी. लॉस अँजेलिसमध्ये इत्झाक फ्रीड यांनी १९९८ मध्ये नोंदवलेली सोळा वर्षांच्या मुलीची गोष्ट मी कितीदा वाचली असेल. मेंदूच्या पुढच्या भागातल्या एका लहान जागी प्रवाह सोडला की ती हसायची. कमी प्रवाहाला स्मित, जास्त प्रवाहाला खळखळून हसू. आणि कशाचं हसू आलं म्हणून विचारलं की दर वेळी वेगळं कारण सांगायची. कधी समोरचं चित्र, कधी वाचत असलेला मजकूर, कधी आजूबाजूला उभे असलेले डॉक्टरच. ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच मजा वाटत होती आणि समोर जे असेल त्यात मजेचं कारण दिसत होतं. हे वाचलं की मला ताईच्या उदासीची ती कारणं आठवतात, तिनं सांगितलेली आणि आम्ही सगळ्यांनी पुरवलेली. त्यांतली किती आधीची होती आणि किती नंतर चिकटली, हे आता कोण वेगळं करणार?

आनंदाचं बटण मात्र कुणाला सापडलेलं नाही, आणि असं बटण नसावं याची एक चांगली खूणही आहे. चँग यांच्याच गटानं २०१८ मध्ये २५ रुग्णांत डोळ्यांच्या खोबणीवरच्या ऑर्बिटोफ्रंटल भागाच्या बाहेरच्या बाजूला हलका प्रवाह सोडून पाहिला. ज्यांना आधीपासून मध्यम ते तीव्र नैराश्य होतं त्यांचं मन हलकं झालं. ज्यांना नव्हतं, त्यांच्यात काही फरक पडला नाही. म्हणजे प्रवाहानं वरून आनंद ओतला नाही, बिघडलेलं काहीतरी थोडा वेळ मूळ जागी आणलं. स्टॅनफर्डच्या जोसेफ परविझी यांनी २०१३ मध्ये मेंदूच्या आतल्या, मधल्या बाजूच्या मिडसिंग्युलेट भागाबद्दल लिहिलं तेही याच जातीचं आहे. दोन रुग्णांना प्रवाह सोडल्यावर समोर काहीतरी कठीण येऊन ठाकल्यासारखं वाटलं आणि त्याच जोडीनं त्यातून रेटून पार होण्याची जिद्दही. त्याच जागेवर प्रवाह न सोडता नुसता सोडल्याचा बहाणा केला तेव्हा काहीच झालं नाही. पण तो फरक समजला रुग्णांनी शब्दांत सांगितल्यावर.

या विद्येचा इतिहास मात्र इतका निर्मळ नाही, आणि तो झाकून पुढे जाणं मला जमत नाही. अमेरिकेत टुलेन विद्यापीठात रॉबर्ट हीथ यांनी १९५० पासून मानसिक रुग्णांच्या मेंदूत खोलवर इलेक्ट्रोड घातले. समलैंगिक तरुणाला सुखाच्या केंद्रात प्रवाह देऊन "बदलण्याचा" त्यांचा प्रयोग १९७२ मध्ये छापूनही आला. त्या माणसाचं काय झालं असेल, ही कल्पनासुद्धा सहन होत नाही. त्यामुळे आज जे नियम आहेत ते मला कधीच जाचक वाटत नाहीत. इलेक्ट्रोड कुठे बसवायचा ते फक्त उपचाराच्या गरजेनं ठरवायचं, संशोधनासाठी एकही जास्तीचा नाही. रुग्णाला कुठल्याही क्षणी, कारण न सांगता, थांबता आलं पाहिजे. तरी एक गोष्ट कागदावर मावत नाही. डोक्यातून तारा निघालेला माणूस उठून जाऊ शकत नाही. त्याला विचारणारे लोक आणि त्याची शस्त्रक्रिया करणारे लोक एकाच दारातून आत येतात. "नाही म्हटलं तर ऑपरेशनवर परिणाम नाही ना होणार?" असं ताईनं मला हळूच विचारलं होतं. तिला तसं आधी स्पष्ट सांगितलं होतं, लेखी दिलंही होतं, तरी विचारलं. दर सकाळी नव्यानं, शक्यतो उपचार न करणाऱ्या माणसानं, "आज करायचंय का?" एवढं विचारावं. फार काही लागत नाही त्याला.

आणि ताईचा तो दुसरा प्रश्न, गोळ्या कमी केल्याचा, तो या संशोधनाच्या सगळ्यांत दुखऱ्या जागी बोट ठेवतो. औषधं उतरवलेली, झोप तुटलेली, घर लांब, फिट आलेली किंवा येऊ घातलेली. अशा आठवड्यातली उदासी ही नेहमीची उदासी असते का? शिवाय मेंदू अपस्माराचा, इलेक्ट्रोड फिटच्या संशयाच्या जागी, प्रत्येकाचे वेगळे. संशोधक फिटच्या आसपासचे तुकडे वगळतात, टोकदार लहरी गाळतात, एकाच माणसाच्या वेगवेगळ्या तासांची एकमेकांशी तुलना करतात. त्यानं बरंच साधतं, सगळं नाही.

तरीही या वॉर्डांतून एक वाट बाहेर पडली. २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्याच कॅथरीन स्कॅनगॉस आणि सहकाऱ्यांनी अपस्मार नसलेल्या, पण कशालाच दाद न देणारं नैराश्य असलेल्या एका स्त्रीवर हीच पद्धत वापरली. आधी दहा दिवस तात्पुरते इलेक्ट्रोड, तिची लक्षणं वाढतात तेव्हा काय दिसतं याचा शोध, तिच्या अमिग्डालातली एक जलद लहर हाती लागणं, आणि मग ती लहर दिसली की दुसऱ्या एका जागी काही सेकंद प्रवाह देणारं यंत्र कवटीत बसवणं. हे यंत्र मुळात फिट ओळखून ती रोखण्यासाठी बनलेलं, अमेरिकेत २०१३ पासून मान्यता असलेलं. तिला आराम पडला. एकाच व्यक्तीचा हा अनुभव आहे, आणि त्याआधी नैराश्यासाठी सतत प्रवाह देण्याच्या दोन मोठ्या चाचण्यांत खोट्या उपचारापेक्षा ठळक फरक दिसला नव्हता, हे विसरून चालणार नाही. पण एकेका माणसाची उदासी त्याच्यापुरती ओळखायची ही कल्पना मला पटते. ईईजी ज्यांनी शोधला ते हान्स बर्गर येना शहरातले मानसोपचारतज्ज्ञ होते. १९२४ मध्ये पहिली नोंद घेतली तेव्हा त्यांना शोध होता तो मनाचाच. पुढे त्यांचं यंत्र न्यूरॉलॉजीकडे गेलं आणि मन बाजूला पडलं.

ताईची शस्त्रक्रिया झाली. ती भीती गेली, मोठ्या फिट गेल्या. उदासी गेली नाही. शस्त्रक्रियेनंतर काहींचं मन खुलतं, काहींना तर पहिल्यांदाच नैराश्य येतं, म्हणून आता तिचे मानसोपचारतज्ज्ञ आणि न्यूरोलॉजिस्ट एकमेकांशी बोलून औषधं ठरवतात. हे व्हावं म्हणून आम्हाला बरंच मागे लागावं लागलं.

२०१८ च्या त्या अभ्यासातले २१ पैकी उरलेले ८ जण माझ्या मनातून जात नाहीत. ज्यांच्यात ते जाळं सापडलं त्यांचा स्वभाव मुळातच जास्त चिंता करणारा होता, या आठांचा तसा नव्हता. तेही रोज पट्टीवर बोट ठेवत होते, त्यांचंही मन वर-खाली होत होतं. त्यांची उदासी दुसऱ्या कुठल्या वाटेनं जात असेल, किंवा जिथून जाते तिथे त्यांच्या डोक्यात इलेक्ट्रोडच नसेल. ताई कदाचित त्यांच्यासारखी असेल. तिच्या नोंदींतून काय निघालं ते आम्हाला अजून कुणी कळवलेलं नाही, आणि ती अधूनमधून विचारते.